दगड तोलणारे पाणी आणि मलिक अंबर

मोठ्या शहरांतील काही बागांत, विज्ञान केंद्रांत किंवा एखाद्या भारी इमारतीच्या दारात एक नवलाची वस्तू आपण पाहिली असेल, निदान तिचे चित्र तरी पाहिले असेल. उखळीसारख्या एका खोलगट दगडी बैठकीत ग्रॅनाइटचा गुळगुळीत गोळा बसविलेला असतो. बैठकीच्या तळातून पाणी येते, गोळ्याच्या कडेने पातळ पडद्यासारखे बाहेर ओघळते, आणि टनाहून अधिक वजनाचा तो गोळा सावकाश फिरत राहतो. पाच वर्षांच्या मुलाने तळहात लावून ढकलला, तरी तो निमूटपणे दिशा बदलतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथील विज्ञान संग्रहालयापुढे २००३ साली असा एक गोळा बसविण्यात आला. त्याचे वजन सुमारे २९ टन. पुढे त्याला चीर गेली म्हणून २००५ मध्ये दुसरा बसवावा लागला. तोही तसाच पाण्यावर फिरतो.

हे पाहून बहुतेक लोक दोन तर्क करतात. एक, आत कुठेतरी मोटर दडवलेली असेल. दोन, गोळा आतून पोकळ असेल आणि पाण्यावर तरंगत असेल. दोन्ही तर्क चुकीचे आहेत. गोळा सबंध भरीव असतो, आणि ग्रॅनाइट हा पाण्याच्या पावणेतीन पटीने जड असल्यामुळे तो तरंगणे शक्यच नाही. मग त्याला उचलते कोण? पाण्याचा दाब.

या दाबाची गोष्ट सांगण्यासाठी अमेरिकेला जाण्याची जरुरी नाही. पाण्याच्या बळावर फिरणारा दगड आपल्या महाराष्ट्रातच तीनशे वर्षांपासून प्रसिद्ध आहे. औरंगाबाद शहरातली, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरातली, ती पाणचक्की होय. आणि ज्या शहरात ती उभी राहिली, त्या शहराला डोंगरातले पाणी जमिनीखालून आणून देणारा पहिला माणूस म्हणजे मलिक अंबर. या लेखात मुख्यत्वे त्यांचेच चरित्र सांगावयाचे आहे. गोळ्याचे गूढ वाटेत आपोआप उलगडेल.

सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील इथिओपिया देशात, म्हणजे जुन्या लोकांच्या हबसाणात, एका गरीब घरात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. त्याच्या आईबापांविषयी इतिहासाला फारसे ठाऊक नाही. त्या काळी तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर माणसांचा बाजार भरे. चापू लहानपणीच त्या बाजारात सापडला आणि येमेनमधील मोखा बंदरात विकला गेला. आज मोखाचे नाव कॉफीमुळे ओळखले जाते. त्या काळी तेथून मुलेही जहाजांवर चढवली जात. एका मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा तो जात राहिला आणि अखेर बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याच्या हाती आला.

येथे त्याच्या आयुष्याला पहिले वळण मिळाले. मीर कासिमने या मुलाची बुद्धी हेरली. त्याला लिहिणे, वाचणे, हिशेब ठेवणे शिकविले आणि अंबर हे नाव दिले. अंबर म्हणजे समुद्रात सापडणारे ते मोलाचे सुगंधी द्रव्य. मालकाने हे दयेपोटी केले की शिकलेल्या गुलामाची किंमत वाढते म्हणून केले, हा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईलच. बहुधा दोन्ही असावे. पण अक्षर एकदा डोक्यात गेले की ते मालकाच्या मालकीचे राहत नाही. पुढे या गुलामाला लोकांनी विकले, सोडले, पदरी ठेवले, हाकलले. परंतु हिशेब आणि वाचन कोणालाच परत घेता आले नाही.

बगदादचे आणखी एक महत्त्व आहे. नवव्या शतकात याच शहरात बनू मूसा म्हणून ओळखल्या गेलेल्या तीन भावांनी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या कारंज्यांच्या आणि यंत्रांच्या युक्त्या लिहून ठेवल्या होत्या. १२०६ साली अल-जझरी या कारागिराने तशाच यंत्रांचा मोठा ग्रंथ पुरा केला; त्यात ठराविक वेळाने आपला आकार बदलणारी कारंजी आहेत. इराक-इराणच्या बाजूला डोंगरातले पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावापर्यंत आणण्याची कारेझ नावाची रीत त्याहूनही फार जुनी. अंबरने ते ग्रंथ वाचले असतील असे म्हणण्याला आधार नाही. पण डोळस मुलाने कारेझ पाहिले असतील आणि पाणी शहरात कसे येते याची चौकशी केली असेल, असा तर्क करायला हरकत नसावी.

सोळाव्या शतकाच्या सत्तरीत अंबर दख्खनला आला. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीत त्या वेळी चंगेझखान नावाचा पेशवा होता. नाव मंगोल बादशहाचे असले तरी हा गृहस्थ स्वतः हबशी, आणि एके काळचा गुलामच. त्याच्या पदरी शेकडो हबशी गुलाम होते. अंबर त्यांतला एक झाला. राज्य कसे चालते, सारा कसा गोळा होतो, फौजेला पगार कुठून द्यायचा, हे सारे त्याला येथे जवळून पाहायला मिळाले. १५७४-७५ च्या सुमारास चंगेझखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पंचविशी ओलांडलेला हा तरुण आयुष्यात प्रथमच कोणाचाही नव्हता.

मुक्त झाला म्हणजे सुखी झाला असे नव्हे. पुढची वीस वर्षे अंबरनी या दरबारातून त्या दरबारात शिपाईगिरी केली. विजापुरात त्यांना मलिक हा किताब मिळाला. आपल्याबरोबर दीडशेच्या आसपास स्वार घेऊन १५९५ मध्ये ते पुन्हा निजामशाहीत आले. ते राज्य तेव्हा मोडकळीस आले होते. चांदबीबीने अहमदनगरचा किल्ला शर्थीने लढवला, पण १६०० साली ती मारली गेली आणि किल्ला अकबराच्या फौजेच्या हाती पडला. राज्य संपले असेच सर्वांना वाटले.

मलिक अंबरना तसे वाटले नाही. त्यांनी निजामशाही घराण्यातील एक मुलगा शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यावर दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून त्याला गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः कारभार हाती घेतला. त्यानंतर सव्वीस वर्षे, अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांना दख्खनमध्ये निवांत बसू दिले नाही. मोठ्या फौजेपुढे उघड्या मैदानात उभे राहायचे नाही. रसद तोडायची, वाटा अडवायच्या, रात्री छापा घालून सकाळी नाहीसे व्हायचे, ही त्यांची पद्धत. यात मराठा सरदार आणि बारगीर त्यांचे उजवे हात होते. मालोजी भोसले आणि पुढे शहाजीराजे यांच्या घराण्याचा उदय याच निजामशाहीत झाला.

जहांगीर बादशहाच्या मनात या माणसाबद्दल इतका राग होता की, प्रत्यक्षात जे जमले नाही ते त्याने चित्रात करून घेतले. अबुल हसन या चित्रकाराने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडताना दाखवला आहे. बादशहाने आपल्या आठवणींतही त्यांच्याविषयी वाईटसाईट शब्दच वापरले. गंमत अशी की, अंबरच्या मृत्यूनंतर त्याच दरबाराच्या इतिहासकाराने, मुतमद खानाने, त्यांच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मनापासून तारीफ लिहून ठेवली आहे.

कारभाराचे एकच उदाहरण येथे पुरे. सारावसुलीचा ठेका बोली लावून द्यायचा आणि ठेकेदाराने रयतेला पिळायचे, ही रीत त्यांनी मोडली. जमिनीची पाहणी आणि प्रतवारी करून, पीक पाहून सारा ठरविण्याची पद्धत घातली आणि गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना त्यात पुन्हा जबाबदार केले. मराठी मुलखात ही अंबरची धारापद्धत पुढे फार काळ नावाजली गेली.

आता पाण्याकडे वळू.

१६१० च्या सुमारास दौलताबादच्या जवळ, खाम नदीच्या काठी, मलिक अंबरनी नवी राजधानी वसवायला घेतली. जागेचे नाव खडकी. नावातच जमिनीची जात कळते: वर थोडी माती, खाली काळा कातळ. १६१२ साली त्यांनी तेथे मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा उभारला. तो आजही उभा आहे. मशिदी झाल्या, पेठा वसल्या, मराठा सरदारांच्या नावाने मालपुरा, परसपुरा, खेळपुरा असे पुरे वसले. पण हजारो माणसे, घोडे, हत्ती, बैल एका जागी आले की पहिला प्रश्न पाण्याचा. खाम ही उन्हाळ्यात आटणारी नदी. कातळात खोदलेल्या विहिरींचा भरवसा नाही. आणि शत्रूने वेढा घातला तर उघड्यावरून आणलेला पाट तो पहिल्या दिवशीच तोडणार.

आपल्या चांदा-गडचिरोली भागातल्या वाचकांना यातली अडचण पटकन जाणवणार नाही. आपला मुलूख तळ्यांचा. त्याच काळात इकडे गोंड राजे राज्य करीत होते; अकबराच्या आईन-ए-अकबरीत चांद्याच्या गोंड राजाची नोंद आहे. ज्यांना पुढे माजी मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणू लागले, त्या शेकडो तलावांनी आपल्याकडची धानाची शेती जगवली. इथे पाऊस उदंड, जमीन उतरती. पाळ घातली की पाणी डोळ्यांपुढे साठते आणि मोरी उघडली की पाटाने बांधीत जाते. खडकीला ही सोय नव्हती. तिथले पाणी डोळ्यांना दिसतच नव्हते. ते उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी, हर्सूल-सावंगीच्या बाजूला, मातीत आणि मुरुमात झिरपलेले होते.

मलिक अंबरनी तेच पाणी पकडले. पायथ्याशी जमिनीखाली बांधीव भुयार काढले. आजूबाजूच्या थरांतले झिरपे त्यात उतरून एकत्र होऊ लागले. भुयाराला शहराच्या बाजूने अगदी हलका उतार दिला. उतार जास्त झाला तर पाणी वेगाने भिंती खरवडते, कमी झाला तर गाळ बसतो. तो साधणे हेच यातले खरे कसब. ठराविक अंतरावर वरून विहिरीसारखी तोंडे ठेवली, म्हणजे हवा खेळती राहील आणि माणूस उतरून गाळ काढू शकेल. ना मोट, ना बैल, ना रहाट. पाणी आपल्या वजनानेच चालत शहरापर्यंत आले. हीच नहर-ए-अंबरी. जुन्या नोंदींत सांगितले जाते की दरबारातल्या शहाण्यांनी या बेताची आधी चेष्टा केली होती, आणि काम पंधरा महिन्यांत अडीच लाख रुपयांत उरकले. आकडे कमीजास्त असू शकतील, पण चेष्टा झाली असेल यावर विश्वास ठेवायला जड जात नाही. जमिनीखालचे न दिसणारे पाणी आणतो म्हणणाऱ्याला कोण हसणार नाही?

एक मौजेची गोष्ट येथे सांगून ठेवतो. अंबरविरुद्ध लढणाऱ्या मोगल सेनापतींत अब्दुल रहीम खानखाना होता. होय, शाळेत ज्याचे दोहे शिकवतात तोच रहीम. त्याचे ठाणे बुऱ्हाणपूर. आणि तेथेही १६१५ च्या सुमारास सातपुड्याचे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून शहरात आणण्याचे असेच काम झाले. खुनी भंडारा किंवा कुंडी भंडारा म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि अजून पाहता येते. दोघे एकमेकांच्या रसदी तोडत होते आणि दोघांच्या शहरांखाली एकाच विद्येने पाणी वाहत होते.

नहरीचे पाणी शहराशी आल्यावर खरी गंमत सुरू होते, आणि आपला दगडी गोळाही इथेच भेटतो. शहरात पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून वाटायचे. पण शहराची जमीन काही सपाट पाट नव्हे. कुठे उतार, कुठे चढ. बंद नळातले पाणी मात्र आपल्या उगमाची उंची विसरत नाही. नळ खाली दरीत उतरला तरी पलीकडच्या चढावर पाणी जवळजवळ पहिल्या पातळीपर्यंत पुन्हा वर चढते. वाटेत घर्षणाने जेवढे गमावले तेवढेच कमी. घरच्या नळीत पाणी भरून तिची दोन्ही टोके वर धरली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभे राहते. गवंडी लोक आजही याच नळीने भिंतीची पातळी काढतात.

आता हा जोर किती, याचा हिशेब करू. पाणी १० मीटर उंच उभे असेल, तर त्याच्या तळाशी प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १ किलो भार पडतो. २० मीटरला २ किलो. पाणी नळात आहे की तलावात, नळ बारीक आहे की रुंद, याने काही फरक पडत नाही. उंची तेवढी महत्त्वाची. आपल्या मामा तलावाची पाळ वर अरुंद आणि तळाशी रुंद असते, त्याचे एक कारण हेच, की खाली जोर जास्त. मातीच्या नळाच्या सांध्यांना असा जोर फार सोसत नाही. म्हणून औरंगाबादच्या नहरींवर ठिकठिकाणी चुन्या-विटांचे उंच मनोरे बांधलेले दिसतात. पाणी नळातून मनोऱ्यात वर चढते, वर मोकळ्या हवेला भेटते, कोंडलेली हवा सोडते, जास्तीचा जोर टाकते आणि दुसऱ्या नळाने पुढे जाते. पाण्याने मध्येच उठून उसासा टाकावा, तसा हा प्रकार.

हाच हिशेब गोळ्याला लावून पाहा. एक मीटर व्यासाचा ग्रॅनाइटचा गोळा घ्या. त्याचे वजन सुमारे १,४०० किलो. तो ज्या बैठकीत बसला आहे, तिचे तोंड ६० सेंटीमीटर रुंद आहे असे धरा. त्या तोंडाचे क्षेत्रफळ होते सुमारे २,८०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे गोळा उचलायला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर फक्त अर्धा किलो जोर पुरे! अर्धा किलो म्हणजे ५ मीटर उंच पाणी. दुमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्याच्या नळाला जेवढा जोर मिळतो, तेवढाच. कडेकडे पाणी निसटताना दाब उतरत जातो, म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक लागतो. तरीही आकडा किती लहान, हे विद्यार्थ्यांनी स्वतः कागदावर मांडून पाहावे. पाण्याची ताकद मोठी नसते; ती मोठ्या क्षेत्रावर पसरलेली असते, आणि त्या पसरण्यातच सारे रहस्य आहे.

गोळा उचलला जातो तो मिलिमीटरच्या काही भागाइतकाच. त्या फटीतून पाणी सारखे बाहेर सुटत राहते आणि पंप तेवढेच आत भरत राहतो. दगड दगडाला टेकतच नाही. मध्ये पाण्याचा पापुद्रा, आणि पाणी पाण्यावर घसरायला जवळजवळ विरोध करीत नाही. म्हणून लहान मूलही गोळा फिरवू शकते. मात्र एवढ्या वजनाला गती यायला वेळ लागतो आणि आलेली गती जायलाही वेळ लागतो. ढकलून हात काढला तरी तो बराच वेळ फिरत राहतो. कारागिराची परीक्षा घडणीत असते. गोळा सर्व बाजूंनी खरोखर गोल हवा, आणि बैठकीची खळगी त्याच गोलाईची हवी. कुठे केसभर उंचवटा राहिला तर तिथे दगड टेकतो, दुसरीकडून पाणी निसटते, आणि गोळा जागच्या जागी बसतो.

बंद पाण्यावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालच्या नावाने आपण शाळेत शिकतो. पास्काल १६२३ साली जन्मला. मलिक अंबर गेले तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता. म्हणजे खडकीच्या गवंड्यांनी पाणी चढवले, उतरवले, मनोऱ्यांत खेळवले, ते नियम कोणी लिहिण्याआधी. हाताने ठाऊक होते, कागदावर नव्हते.

आणि हे सारे निवांतपणे झाले असे समजू नका. १६१६ साली रोशनगावच्या लढाईत मोगल सेनापती शाहनवाज खानाने अंबरचा मोठा पराभव केला. विजयी फौज खडकीत शिरली, आणि नवी राजधानी जाळून उद्ध्वस्त करण्यात आली. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने अशा वेळी काय करावे? मलिक अंबरनी शहर पुन्हा बांधायला घेतले. १६१७ आणि १६२१ मध्ये शाहजादा खुर्रमपुढे, म्हणजे पुढच्या शाहजहानपुढे, त्यांना तह करून मुलूख सोडावा लागला. तह करावा आणि बळ आले की पुन्हा उठावे, हा त्यांचा क्रमच होऊन बसला होता.

पाण्याची विद्या त्यांनी युद्धातही वापरली. १६२४ साली मोगल आणि विजापूरकर अशा दोन फौजा एकत्र होऊन त्यांच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडी येथे गाठ पडली. अंबरनी तेथल्या तलावाचा बांध फोडून पाणी शत्रूच्या तळाच्या बाजूला सोडले. चिखलात तोफा अडकल्या, जनावरे रुतली, रसद तुटली. मग रात्रीचे छापे सुरू झाले आणि दोन्ही फौजांचा पुरता मोड झाला. शहाजीराजांनी या लढाईत नाव कमावले. त्यांचे बंधू शरीफजी मात्र येथेच कामी आले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सेनापतीचा हा शेवटचा मोठा विजय. १६२६ च्या मे महिन्यात मलिक अंबर वारले. त्यांचा मुलगा फत्तेखान याने खडकीचे नाव फत्तेनगर केले. त्याला वडिलांची सर नव्हती. सात वर्षांत, १६३३ साली, दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. १६५३ मध्ये औरंगजेब सुभेदार म्हणून आला आणि शहर औरंगाबाद झाले. मालक बदलले, नावे बदलली. नहर वाहत राहिली, आणि तिच्याकडे पाहून पुढच्या लोकांनी थत्ते नहर, पळशीची नहर अशा आणखी नहरी काढल्या.

पाणचक्कीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ती मलिक अंबरनी बांधली असे पुष्कळ लोक सांगतात. तसे नाही. बुखाऱ्याकडून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियापाशी, खाम नदीच्या काठी, १६९५ च्या सुमारास तुर्कताज खान या सरदाराने ती उभारली. पुढे वीसेक वर्षांनी जमील बेग खानाने मोठा हौद आणि कारंजी केली. अंबरला जाऊन तेव्हा सत्तर वर्षे झाली होती. पण विद्या तीच. डोंगरातले पाणी काही मैल मातीच्या नळांतून येते, एका उंच भिंतीत वर चढते आणि तिथून धबधब्यासारखे हौदात पडते. त्याच पाण्याचा झोत खालच्या लोखंडी पात्यांच्या आडव्या चाकावर सोडला की चाकाचा आस फिरतो आणि वरची जात्याची तळी गरगरू लागते. या दळणावर फकीर, यात्रेकरू आणि तेथे शिकणारी मुले जेवत. दळण्यासाठी रात्रंदिवस जाते ओढणाऱ्या किती बायांचे हात त्या पाण्याने मोकळे केले असतील, याचा हिशेब कोणत्याही तवारिखेत नाही.

जात्यात आणि गोळ्यात फरक एवढाच: जात्याला पाण्याचा धक्का फिरवतो, गोळ्याला पाण्याचा दाब तोलून धरतो. दोन्हीकडे कामाला येते ती पाण्याला मिळालेली उंची.

तोलून धरण्याची युक्ती आपल्या जिल्ह्यात कुठे पाहायला मिळेल, असे कोणी विचारले तर उत्तर चंद्रपूरला ऊर्जानगरच्या बाजूला आहे. तेथील महाऔष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे संच आहेत. अशा संचाचा कित्येक टन वजनाचा दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेतो, आणि तो धातूवर टेकत नाही. तेलाच्या पापुद्र्यावर फिरतो. वेगात असताना तो पापुद्रा दांडा स्वतःच ओढून आणतो. पण सुरुवातीला, दांडा थांबलेला असताना, पंपाने खालून जोरात तेल सोडून त्याला केसाच्या जाडीइतका वर उचलावा लागतो, मगच तो फिरवता येतो. बागेतला गोळा आणि हा दांडा एकाच घराण्यातले. ज्यांच्या घरचे कोणी तेथे कामाला असेल, त्या विद्यार्थ्यांनी त्यांना याबद्दल जरूर विचारावे. पुस्तकापेक्षा चांगले सांगतील.

नहरींची आजची स्थिती मात्र फारशी चांगली नाही. शहर वाढले तसे भुयारांवर घरे, रस्ते आले, नळ फुटले, मनोरे पडले, तोंडे कचऱ्याने बुजली. आपणही इकडे वेगळे वागलो नाही. चंद्रपूरच्या रामाळा तलावात शहराचे सांडपाणी जात राहिले, आणि २०२१ मध्ये त्याच्या शुद्धीकरणासाठी उपोषणाला बसावे लागले. बांधणाऱ्यांनी नहरीला माणूस उतरेल अशी तोंडे ठेवली होती, कारण दरवर्षी कोणीतरी उतरून गाळ काढील हे त्यांनी गृहीत धरले होते.

कधी तिकडे जाणे झाले, तर पाणचक्कीला आधी जाते पाहू नका. प्रथम ती उंच भिंत पाहा, पाणी कुठून कुठे चढते ते मुलांना दाखवा, मग हौद, आणि शेवटी जाते. तिथून भडकल दरवाजा फार लांब नाही. आणि वेळ असेल तर सुमारे २५ किलोमीटरवर खुलताबादला जा. शेख मुंतजिबुद्दीन जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्यापासून जवळच, गावाच्या वायव्येला, घुमटाची एक साधी भक्कम कबर आहे. ती मलिक अंबरनी आपल्या हयातीतच बांधून घेतली होती असे सांगतात. शेजारीच त्यांच्या पत्नी बीबी करीमा यांची कबर आहे. मोखाच्या बाजारात ज्याची किंमत लोकांनी ठरवली होती, तो मुलगा तेथे आपण स्वतः निवडलेल्या जागी विसावला आहे.